निदान घराबाहेर तरी पडतात!

मोबाइल समोर धरून, जागोजागी फिरवणारा खेळ खेळत चालणारी पोरं कुणाच्या अंगणाशी घुटमळली, देवळाच्या दारात आडवी आली किंवा मान वर न करता रस्ता ओलांडू लागली आणि त्यावर कुणी कुरकुर केली, की एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं: निदान घराबाहेर तरी पडतात! हे उत्तर देणारी माणसं वाईट नसतात. पोरगं दिवसभर पलंगावर लोळण्यापेक्षा चार पावलं चाललं तर बिघडलं काय, एवढाच त्यांचा मुद्दा असतो. शिवाय कुरकुर करणाऱ्याला जुनाट ठरवून मोकळं होण्याची सोयही त्या उत्तरात असते. पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात मात्र हे उत्तर टिकत नाही, असं मला म्हणायचं आहे. माझं भांडण खेळाशी नाही, खेळाच्या या वकिलीशी आहे. घराचा उंबरा ओलांडला की पुढे सगळं मोकळं, बिनमालकीचं, निरुपद्रवी मैदान पसरलेलं आहे, असं ती गृहीत धरते. आमच्याकडे उंबऱ्यापलीकडे लोहमार्ग आहे, रसायनांचे टँकर आहेत, अणुवीज केंद्राचं कुंपण आहे, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध राहणारी, राबणारी माणसं आहेत.

हे खेळ काल-परवाचे नाहीत. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी वापरात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ऑरेगॉनमध्ये एकाने रानात डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग नावाचा खेळ तिथून सुरू झाला. २०१२ मध्ये गुगलच्या पोटात वाढलेल्या निअँटिकने ‘इंग्रेस’ आणला आणि जुलै २०१६ मध्ये त्याच निअँटिकने ‘पोकेमॉन गो’. भारतात तो डिसेंबर २०१६ मध्ये जिओच्या हाताला धरून रीतसर आला. त्याआधीच हौशी पोरांनी आडवाटेने तो फोनमध्ये घातला होता. सप्टेंबर २०२३ पासून तो हिंदीही बोलतो. तुम्ही कुठे उभे आहात हे फोन ओळखतो, पडद्यावरच्या नकाशात आसपासचे थांबे दिसतात, त्यांच्या जवळ गेलं की काहीतरी मिळतं. थांबे कुठले? देऊळ, पुतळा, किल्ला, बाग, स्थानक, भिंतीवरचं चित्र. म्हणजे लोकांनी आधीच आपल्या कारणांसाठी उभ्या केलेल्या जागा.

आरोग्याचा दाखला सगळ्यात आधी दिला जातो, तर तोच आधी तपासू. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डिसेंबर २०१६ मध्ये एक अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या १८ ते ३५ वयाच्या तरुणांच्या फोनमध्ये नोंदलेली पावलं त्यात तपासली होती. ‘पोकेमॉन गो’ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रोजची पावलं सरासरी ९५५ ने वाढली, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ती होती तिथे परत आली. पाऊण किलोमीटरच्या आतली ही वाढ, तीही महिना-दीड महिन्याची. वाईट नाही, पण तिच्या जोरावर इतरांची तोंडं बंद करावीत इतकी मोठीही नाही.

आणि पोरांना घराबाहेर काढण्यात कुणाचा काय फायदा होता, हेही एकदा बघावं. २०१६ मध्येच जपानमधली मॅकडोनाल्डची सुमारे ३,००० दुकानं खेळातले थांबे झाली. आपल्याकडे जिओच्या दुकानांचं तेच झालं. गिऱ्हाईक दुकानापर्यंत चालत येणं हाच धंदा होता. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये निअँटिकने सांगितलं, की खेळाडूंनी फोन फिरवून केलेल्या जागांच्या स्कॅनमधून ती जग ओळखणारं एक मोठं मॉडेल घडवते आहे. २०२५ मध्ये खेळांचा धंदा साडेतीन अब्ज डॉलरला स्कोपली या कंपनीकडे गेला. यात बेकायदा काही नाही. पण ‘मुलांच्या तब्येतीसाठी’ हे पालुपद लावताना एवढं ध्यानात असू द्यावं.

दुसरा युक्तिवाद थोडा कठोर असतो: खेळ उघडताच आजूबाजूला लक्ष ठेवा, गाडी चालवताना खेळू नका अशी सूचना येते, तरीही कुणी धडपडला तर तो त्याच्या कर्माने. कॅलिफोर्नियात जुलै २०१६ मध्ये दोघे जण खेळता खेळता कड्यावरून पडले, तेव्हा असंच बोललं गेलं. पण पुढच्याच महिन्यात जपानमधल्या तोकुशिमात गाडी चालवताना हा खेळ खेळणाऱ्याने एका बाईला उडवलं, ती गेली. ऑक्टोबरमध्ये इचिनोमियात ट्रकखाली नऊ वर्षांचा मुलगा गेला. तोही ड्रायव्हर खेळत होता. त्या बाईने किंवा त्या मुलाने कोणती सूचना वाचायला हवी होती? आपल्याकडेही जुलै २०१६ मध्ये, खेळ रीतसर यायच्या आधीच, वांद्र्यात एका आलिशान गाडीने रिक्षाला ठोकर दिली ती याच नादात. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी इंडियानातल्या एका परगण्यातल्या अपघातांच्या पोलिसी नोंदी तपासल्या, तेव्हा खेळातल्या थांब्यांच्या आसपासचे अपघात खेळ आल्यानंतर जास्त वाढलेले दिसले. कंपनीने मग वेगाची मर्यादा घातली. वेग वाढला की पडदा विचारतो, गाडी चालवताय का? आणि ‘मी प्रवासी आहे’ या बटणावर बोट ठेवलं की गप्प बसतो. बोईसर-तारापूर रस्त्यावर दुचाकीच्या मागच्या सीटवर बसलेलं पोरगं खरोखर प्रवासीच असतं. त्याचा मित्र पुढे हँडल धरून असतो, आणि मागून ‘थांब, थांब, इथेच थांब’ असं ऐकू आलं की तो थांबतोही. मागून येणाऱ्या टँकरला हे कोण सांगणार?

लोहमार्गाबद्दल बोलताना मार्च २०१९ मधली हिंगोलीची घटना विसरता येत नाही. दोन तरुण रुळांजवळ बसून मोबाइलवर ‘पबजी’ खेळत होते आणि रेल्वेखाली सापडले. ‘पबजी’ जागेवर नेणारा खेळ नाही, तो पलंगावर बसूनही खेळता येतो. ते दोघे मात्र निदान घराबाहेर पडले होते. पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही सगळी गावं रुळांनी मधोमध चिरलेली आहेत. एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत येते, पण रूळ तिच्या एकटीचे नाहीत. राजधानी, मालगाड्या, गुजरातकडे धावणाऱ्या लांबपल्ल्याच्या गाड्या आमच्या लहान स्थानकांवरून न थांबता निघून जातात. त्यात चौपदरीकरणाच्या कामाची भर आहे. फोनमधला जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही काही मीटर चुकतो, आणि दोन मार्गांमधलं अंतरही साधारण काही मीटरच असतं. पूर्वेचा थांबा पश्चिमेला उभं राहून मिळेना, की पादचारी पुलाचे जिने चढण्यापेक्षा रूळ ओलांडणं सोपं वाटतं. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली त्यासाठी दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही आहे. पण कायद्याची भीती घालण्यात मला रस नाही. रोज सकाळी नोकरीसाठी रूळ ओलांडून धावणाऱ्यांना आपण दोष देतो, तेव्हा त्यांच्याकडे निदान उशिराचं कारण असतं.

आता तारापूर. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे १९६९ मध्ये सुरू झालं. २००५-०६ मध्ये तिसरी आणि चौथी अणुभट्टी आली, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावं लागलं. केंद्राभोवतीची जागा रिकामी दिसते ती कुणी वापरत नाही म्हणून नव्हे, तर तिथे वस्ती असू नये असं ठरवलेलं आहे म्हणून. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिथे पहाऱ्यावर असतात. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अशा जागेजवळ घुटमळणाऱ्याकडे आणि फोटो काढणाऱ्याकडे संशयाने बघतो. ‘पण मी तर खेळत होतो’ हे उत्तर कुंपणाशी सापडलेल्या पोराला खरं वाटतं, आणि ते खरं असतंही. समोरच्या जवानाला मात्र एवढंच दिसतं की एक माणूस कॅमेरा चालू करून कुंपणाकडे फोन फिरवतो आहे.

हे मी कल्पनेने रंगवत नाही. जुलै २०१६ मध्ये जपानच्या तोक्यो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने स्वतः तपासून पाहिलं, तेव्हा फुकुशिमाच्या अणुकेंद्रांच्या आवारात पोकेमॉन सापडले. ज्या केंद्रातून २०११ मध्ये किरणोत्सार बाहेर पडला आणि ज्याच्या आसपासच्या लोकांना घरंदारं सोडावी लागली, तिथे. त्या कंपनीला निअँटिककडे ते काढायची विनंती करावी लागली. अमेरिकेत ओहायोतल्या पेरी अणुकेंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या वाहनतळात त्याच दिवसांत खेळता खेळता तिघे जण शिरले. इंडोनेशियात एका फ्रेंच माणसाला लष्करी आवारात शिरला म्हणून अडवलं गेलं. यातलं कुणीही हेर नव्हतं. नकाशावर हिरवळ होती, पावलं तिकडे वळली, इतकंच. नकाशाला कुंपण कळत नाही हा त्याचा दोष, पण कुंपण दिसत असताना नकाशाचं ऐकणारा माणूस असतो.

अणुकेंद्राची धास्ती निदान सगळ्यांना ठाऊक असते. तारापूर औद्योगिक वसाहतीची तेवढी नसते, आणि खरा रोजचा धोका तिथेच आहे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याच्या बाजूला एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, आठ जणांचा जीव गेला, आवाज कित्येक किलोमीटरवर पोहोचला. वसाहतीतल्या माणसाला काही गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात. भोंगा वाजला तर कान द्यायचा. वास बदलला तर वारा कुठून आहे ते बघायचं. उघड्या नाल्याच्या कडेने चालायचं नाही. बाजूला लावलेल्या टँकरच्या आडून एकदम रस्त्यावर यायचं नाही. कानात इअरफोन आणि डोळे पडद्यावर असलेल्या पाहुण्याला यातलं काहीच पोहोचत नाही. पाळी सुटायच्या वेळी फाटकातून सायकली आणि रिक्षांची रीघ लागते. बारा तास उभं राहून काम केलेला माणूस घरी निघालेला असतो. त्याच्या वाटेत घोळका करून उभं राहणं हा अपघाताचा नसला तरी माणुसकीचा प्रश्न आहे.

किनाऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असूनही कुणी ऐकत नाही. चिंचणी, नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटी, शिरगाव, केळवे: आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं आणि भरतीला भराभर परततं. आत चालत गेलेल्या माणसाला मागची खाडी भरून आल्याचं उशिरा कळतं. समुद्र पडद्यावर निळा असतो, बस. सातपाटीला ज्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, त्या फोटोसाठी बांधलेल्या नाहीत. त्यांच्याखालून वाकून जाणारा प्रत्येक पाहुणा कुणाच्या तरी आठवड्याच्या कमाईला धक्का लावत असतो.

पण मला खरं बोलायचं आहे ते पाड्यांबद्दल. शहरात वाढलेल्या खेळाडूला पाडा म्हणजे हिरवा निसर्ग आणि भिंतीवरचं वारली चित्र. पाड्यावरच्या माणसाला संध्याकाळी मोबाइलवर नकाशा उघडून घरांच्या अवतीभोवती फिरणारा अनोळखी माणूस काय वाटतो, याचा विचार करून बघा. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात हातात यंत्र घेऊन आलेल्या अनोळखी माणसाने बहुतेक वेळा एकच काम केलं आहे: जमीन मोजणं. बुलेट ट्रेनच्या मोजणीला इथल्या गावांनी विरोध केला. द्रुतगती महामार्ग, मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग यांच्यासाठी जमिनी गेल्या. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झालं, तरी किनाऱ्यावरचा विरोध विरला नाही. म्हणजे फोन पाहत, थांबत, पुन्हा चालत, घरावर कॅमेरा रोखत येणारा पोरगा त्या माणसाला निरागस दिसावा, याला काही कारण नाही.

त्याहून भयंकर गोष्टही याच जिल्ह्यात घडली. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. मुलं पळवणारे, किडन्या काढणारे रात्री फिरत आहेत, अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. दोनच दिवस आधी त्याच भागात सारणी गावाजवळ मदतीला आलेल्या एका डॉक्टरच्या आणि पोलिसांच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती. त्याच्या दोन वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना असंच मारलं गेलं. या हत्यांचं समर्थन कुणी करू शकत नाही, मी तर नाहीच. पण त्यावरून आदिवासी म्हणजे हिंसक असा निष्कर्ष काढून गप्प बसणंही सोयीचं आहे. अफवा पसरवणारं यंत्र आणि खेळ चालवणारं यंत्र एकच आहे, हातातला फोन. ज्या गावाने त्याच्यामुळे रात्री जागून पहारे दिले, त्या गावात अंधार पडल्यावर त्याच फोनचा उजेड तोंडावर घेऊन शिरणं म्हणजे स्वतःचा जीव आणि त्या गावाची अब्रू दोन्ही पणाला लावणं.

इथे खेळाचे वकील म्हणतील, मग काय, आमच्या मुलांनी स्वतःच्याच जिल्ह्यात फिरायचं नाही? फिरावं की. पण हा प्रश्न उलटा करून बघा. एखादा वारली तरुण हातात फोन घेऊन पालघर पश्चिमेच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी दहा मिनिटं घुटमळला, आत डोकावला, पुन्हा फोन बघितला, तर वॉचमन त्याला किती वेळ उभा राहू देईल? ‘काका, मी गेम खेळतोय’ हे त्याचं उत्तर किती जणांना पटेल? अमेरिकेत जुलै २०१६ मध्येच एका कृष्णवर्णीय लेखकाने लिहिलं होतं, की कुणाच्याही घरासमोर विनाकारण रेंगाळायला लावणारा हा खेळ आपल्यासारख्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. विनाकारण रेंगाळता येणं ही सर्वांना मिळालेली मुभा नाही. ‘निदान बाहेर पडतात’ म्हणणाऱ्यांच्या मनात जो मुलगा असतो तो ठरावीक घरातला, ठरावीक कपड्यांतला असतो. आणि बहुतेक वेळा तो मुलगाच असतो. संध्याकाळी सात वाजता चिंचणीच्या सुरूंच्या बनात एकटी मुलगी फोन घेऊन फिरत असेल, तर हेच पालक तिला निदान घराबाहेर पडल्याबद्दल शाबासकी देणार नाहीत. त्यांची ती भीती खोटी नाही. मिसुरीत २०१६ मध्ये चोरट्यांनी याच खेळातला थांबा वापरून खेळाडूंना गाठलं आणि लुटलं. ज्या जागेवर कोण येणार हे आधीच कळतं, ती जागा वाटमाऱ्यालाही कळते. म्हणून एकट्याने नाही, दोघा-तिघांनी, दिवसाउजेडी, आणि त्यातल्या एकाने फोन खिशात ठेवून, ही पद्धत मुलीइतकीच मुलालाही लावावी.

श्रद्धेच्या जागांवरून झालेला वाद वेगळा आहे, आणि त्यात मी दोन्ही बाजूंशी असहमत आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात एक जनहित याचिका आली. देवळांत, जैन मंदिरांत खेळातली अंडी सापडतात आणि त्याने भावना दुखावतात, असं त्यात म्हटलं होतं. न्यायालयाने कंपनीला आणि सरकारांना नोटिसा काढल्या. पडद्यावरचं अंडं कुणाला बाटवत नाही, असं माझं मत आहे. नवरात्रात केळव्याला शीतलादेवीच्या रांगेत अर्धा तास उभ्या असलेल्या म्हातारीला धक्का देऊन, देवीकडे पाठ करून कुणी फोनवर बोट घासत असेल, तर तो तिचा अपमान आहे, आणि तो अंड्याने नव्हे तर त्या माणसाने केलेला आहे. वाटेवरचा वाघोबा कोरीव काम बघून कुणी ‘जुनं शिल्प’ म्हणून थांब्यासाठी सुचवला, तर त्यात गुन्हा नसेल; पण तिथे नारळ ठेवणाऱ्या गावाला विचारल्याशिवाय सुचवायचा नाही, हे कळायला याचिका कशाला लागते?

जगात ज्या संस्थांनी या खेळाला थारा दिला नाही, त्यांनी धर्माचं कारण दिलं नव्हतं. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने आणि आउशविट्झच्या स्मारकाने जुलै २०१६ मध्येच खेळाडूंना थांबायला सांगितलं. हिरोशिमाने ६ ऑगस्टच्या स्मरणदिनाआधी शांती उद्यानातले थांबे काढायला लावले. आमच्या पालघरलाही अशी एक जागा आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला इथे झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, पाचबत्तीला त्यांचा स्तंभ आहे, आणि दर १४ ऑगस्टला गाव तिथे जमतं. इतर ३६४ दिवस तो चौक रहदारीचा, फेरीवाल्यांचा, गप्पांचा आहे. त्या दिवशी नाही. हे तारतम्य फोनला नसतं. पालघरच्या पोराला असावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग बंदीच घाला ना. नको. पालघरने पोलिसांच्या हातात फोनचा न्याय देऊन पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरची एक साधी टिप्पणी आणि तिला दिलेली एक पसंती यासाठी इथल्या दोन तरुणींना अटक झाली. देशभर संताप झाला, आणि शेवटी २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं. शेजारच्या गुजरातमधल्या राजकोटमध्ये मार्च २०१९ मध्ये पोलिसांनी ‘पबजी’वर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या विद्यार्थ्यांना पकडलं. अशा बंदीत सापडतो तो रस्त्यावरचा पोरगा. जो खरोखर कुंपण ओलांडतो त्याला अडवायला आजचे कायदे पुरेसे आहेत, आणि जो फक्त खेळतो त्याला पोलीस ठाण्यात बसवण्यात कुणाचं भलं नाही.

शेवटचा बचाव सगळ्यात लबाड आहे: मी काय करू, खेळच तिकडे नेतो. नेत नाही. २०२० च्या महामारीत कंपनीने थांब्यापासूनचं अंतर ४० वरून ८० मीटर केलं. २०२१ मध्ये ते पुन्हा कमी करायचा प्रयत्न झाला, खेळाडूंनी ओरड केली, आणि ८० मीटर कायम राहिलं. म्हणजे देवळाच्या गाभाऱ्याशी जायची गरज नाही, देवळाबाहेरच्या वडाखाली उभं राहून चालतं. फलाटाच्या टोकाला जायची गरज नाही, तिकीटघराजवळ भागतं. २०१८ पासून चाललेलं अंतर फोन खिशात असतानाही मोजलं जातं. पडदा सतत डोळ्यांपुढे धरायची सक्ती कुणी केलेली नाही. पाऊल पुढे टाकायचा निर्णय दर वेळी खेळणाऱ्याचाच असतो. ज्यांनी स्वतःच्या सोयीसाठी कंपनीला नमवलं, त्यांना इतरांच्या सोयीसाठीही तिला नमवता येईल.

आणि विचारून खेळणं अशक्य आहे असंही नाही. जिओकॅशिंगमध्ये डबा लपवण्याआधी जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी असा नियम आहे. रुळांजवळ, लष्करी जागांत डबे चालत नाहीत. पंचवीस वर्षांचा हा खेळ त्या नियमांनी मेला नाही. अमेरिकेत घरमालकांनी निअँटिकवर दावा लावला, तेव्हा २०१९ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीत घरापासून ४० मीटरच्या आतला थांबा काढायची मागणी त्यांना करता येऊ लागली. पाड्यावरच्या माणसाकडे तसा दावा नाही, वकील नाही. मुळात त्याच्या अंगणालगत थांबा आहे हे त्याला कळायलाच मार्ग नाही, कारण ते पाहायला तो खेळ फोनमध्ये असावा लागतो. सातपाटीच्या कोळणीला, वसाहतीतल्या कामगाराला, अणुकेंद्राच्या फाटकावरच्या जवानालाही ते दिसत नाही. दिसतं ते फक्त खेळणाऱ्याला. थांबा धोक्याच्या किंवा नको त्या जागी आहे असं कळवायची सोय खेळाच्या आतच आहे. थांबा उघडायचा, तक्रारीचा पर्याय निवडायचा, कारण लिहायचं. दोन-चार मिनिटांचं काम. ते ज्याने केलं नाही त्याने रुळांपलीकडचा, कुंपणाजवळचा, पाड्यातला थांबा तिथे का आहे असं दुसऱ्या कुणाला विचारू नये, आणि त्याच्या आईबापांनी तो निदान घराबाहेर तरी पडतो हे शेजाऱ्यांना ऐकवू नये.